साखळीची चूक आणि सीएनसीचा ऑफसेट : हत्याराची लांबी मोजण्याचा इतिहास

१/ वर्धा जिल्ह्यातील आष्टी महाराष्ट्राला ठाऊक आहे ती १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे. ‘आष्टी (शहीद)’ हे नाव त्या दिवसाची खूण आजही बाळगून आहे. परंतु नकाशा उघडला, की या परिसराचा आणखी एका इतिहासाशी संबंध दिसतो. ७८ अंश पूर्व रेखावृत्त आष्टीच्या थोडे पश्चिमेकडून जाते. याच रेखावृत्ताच्या आसपास दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानची दक्षिणोत्तर लांबी मोजली जात होती. ती मोजणी सुरू करणारा माणूस याच जिल्ह्यात, आष्टीपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, हिंगणघाट येथे मरण पावला.

२/ आज आष्टीसारख्या तालुक्याच्या गावातील मुलगा आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्टचा ट्रेड पूर्ण करतो आणि बुटीबोरी, हिंगणा किंवा थेट चाकण गाठतो. तेथे सीएनसी यंत्रासमोर उभे राहिल्यावर पहिल्याच आठवड्यात एक शब्द त्याच्या कानी पडतो : ऑफसेट. हिंगणघाटला चिरविश्रांती घेणारा तो मोजणीदार आणि चाकणचा हा तरुण सेटर यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे. हातातील हत्याराची खरी लांबी किती, आणि ती कोणत्या शून्यापासून मोजायची? हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

३/ आधी प्रश्न नीट समजून घेऊ. सीएनसी मिलिंग यंत्राला आज्ञा दिली, की जॉबच्या माथ्यापासून ५ मिलिमीटर खाली जा. यंत्राला मात्र फक्त आपला स्पिंडल कोठे आहे एवढेच कळते. स्पिंडलच्या तोंडापुढे टूल किती बाहेर आले आहे, हे त्याला दिसत नाही. लांब ड्रिल असो वा आखूड कटर, यंत्राच्या दृष्टीने तेथे केवळ अंधार आहे. प्रत्येक टूलची लांबी माणसाने मोजून यंत्राच्या कोष्टकात भरावी लागते. त्या आकड्याला ‘टूल लेंग्थ ऑफसेट’ म्हणतात. तो आकडा चुकला, तर प्रोग्राम निर्दोष असूनही काम बिघडते.

४/ आता दोनशे वर्षे मागे. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्बटन याने एका पायारेषेची मोजणी सुरू केली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत भाग घेतलेला हा सैनिकी अधिकारी गणितात रमणारा होता. त्याची योजना अशी : जमिनीवर एक रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजायची. मग तिच्या आधारे कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, संपूर्ण द्वीपकल्पाची अंतरे केवळ गणिताने काढायची. पुढे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे या नावाने प्रसिद्ध झालेल्या उपक्रमाचा हा आरंभ होता.

५/ या पद्धतीची शक्ती आणि तिचा धोका एकाच ठिकाणी होता. शेकडो मैलांची अंतरे त्या एका रेषेवरून निघणार होती. म्हणजे रेषेतील चूकही त्याच प्रमाणात पुढे वाहत जाणार होती. पायारेषा सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरांची. तीत अवघ्या ३० सेंटिमीटरांची चूक राहिली, तर हजार किलोमीटरांवर ती सुमारे २५ मीटर होते. कोन कितीही अचूक मोजले, तरी ही चूक त्यांना दिसत नाही, कारण त्रिकोणाचा आकार बरोबर असतो. चुकलेले असते ते माप.

६/ लॅम्बटनचे हत्यार होते पोलादी साखळी. शंभर फूट लांब, अडीच फुटांच्या चाळीस दुव्यांची, लंडनच्या रॅम्सडेनने घडवलेली. तिची कथाही विलक्षण. १७९३ मध्ये चीनच्या सम्राटाकडे गेलेल्या मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर ती भेट म्हणून गेली होती. तेथे तिची कदर झाली नाही. शिष्टमंडळातील डॉ. डिनविडी यांच्याकडून ती अखेरीस कलकत्त्यात लॅम्बटनला मिळाली. मद्रासच्या कामासाठी इंग्लंडहून दुसरी साखळीही आली.

७/ दोन साखळ्या असणे ही चैन नव्हती. एकीने जमीन मोजायची आणि दुसरी जपून ठेवायची. रोज ताणली जाणारी, उचलली जाणारी साखळी सांध्यांमध्ये झिजते. प्रत्येक सांधा केसाएवढा सैल झाला, तरी चाळीस सांध्यांची बेरीज लक्षणीय होते. म्हणून कामाची साखळी जपून ठेवलेल्या साखळीशी ताडून पाहायची, फरक टिपायचा आणि हिशेबात धरायचा. साखळी शंभर फुटांची आहे असे मानून चालायचे नाही. आज ती शंभर फुटांहून किती वेगळी आहे, हे लिहून ठेवायचे. ऑफसेटची कल्पना ती हीच.

८/ दुसरा शत्रू म्हणजे ऊन. पोलाद तापले की वाढते. शंभर फुटी पोलादी साखळी एक अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे ०.३५ मिलिमीटर लांबते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु साडेसात मैलांसाठी साखळी सुमारे चारशे वेळा मांडावी लागली. सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक धरला, तर संपूर्ण रेषेत सुमारे १.४ मीटरचा घोटाळा! म्हणून साखळी तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांत मांडली जाई, तिच्याजवळ तापमापक ठेवले जात, आणि प्रत्येक तापमानासाठी दुरुस्ती केली जाई. या कामाला ५७ दिवस लागले.

९/ आणखी एक दुरुस्ती महत्त्वाची होती. जमीन समुद्रसपाटीहून उंच असते. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचीवर मोजलेली रेषा समुद्रसपाटीवरील रेषेपेक्षा किंचित लांब भरते. लॅम्बटनने मद्रासच्या पायारेषेची लांबी हिशेबाने समुद्रसपाटीवर आणली. म्हणजे हत्याराची लांबी दुरुस्त करणे हे एक काम, आणि सर्व मापे एकाच शून्यावर आणणे हे दुसरे. आजचा सेटरही हीच दोन कामे वेगवेगळी करतो : टूलचा ऑफसेट एका पानावर भरतो, आणि जॉबचे शून्य दुसऱ्या पानावर.

१०/ मोजणी बरोबर आहे हे कळायचे कसे? १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी पायारेषा प्रत्यक्ष साखळीने मोजली गेली. मद्रासपासून त्रिकोणांच्या साहाय्याने आलेली तिची लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला. दोनशे मैलांच्या प्रवासानंतर एवढाच! गणितावर विश्वास ठेवायचा, पण अधूनमधून जमिनीला हात लावून खात्री करायची, हा नियम तेथे पक्का झाला.

११/ चूक हिशेबात नेहमीच मावते असे नाही. कोन मोजण्याचे थिओडोलाइट लंडनच्या केरीने बनवले होते. छत्तीस इंची वर्तुळाचे आणि सुमारे अर्धा टन वजनाचे. येतानाच त्याचे जहाज फ्रेंचांनी पकडले, ते मॉरिशसला गेले आणि तेथून सन्मानाने पुढे पाठवले गेले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे अचूक वर्तुळ वाकडे झाले. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून, पाचरी आणि स्क्रू वापरून, ते पुन्हा आकारात आणले.

१२/ काम पुढे सरकत राहिले. कन्याकुमारीजवळून निघालेला त्रिकोणांचा पट्टा बिदरपर्यंत आला, मग वऱ्हाडाकडे वळला. १८२३ च्या जानेवारीत सुमारे सत्तरीचा लॅम्बटन आजारी असतानाच हैदराबादहून नागपूरकडे तळ हलवत होता. त्या वेळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. वर्धा जिल्हा अस्तित्वात यायला अजून चाळीस वर्षे अवकाश होता. वाटेत हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याचे थडगे तेथेच आहे. मोजणी अपुरी राहिली.

१३/ त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने जुन्या साखळीच्या मापांवर पूर्ण भिस्त ठेवली नाही. १८३० मध्ये तो इंग्लंडहून कोल्बीच्या दहा फुटी भरपाई-सळया घेऊन आला. यांत लोखंड आणि पितळ यांच्या दोन सळया शेजारीशेजारी जोडलेल्या असत. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. त्यांच्या टोकांना जोडलेल्या पट्टीवर एक बिंदू असा निवडता येतो, की तापमान बदलले तरी दोन्ही टोकांच्या बिंदूंमधील अंतर स्थिर राहते. लॅम्बटन चूक मोजून वजा करत होता. एव्हरेस्टच्या सळया ती जागच्या जागी जिरवत होत्या.

१४/ या नव्या सळयांनी सिरोंज आणि बिदर येथील पायारेषा पुन्हा मोजल्या गेल्या. एका माणसाचे वीस वर्षांचे कष्ट असे पुन्हा तपासले जाणे निष्ठुर वाटते. परंतु हे शक्य झाले ते लॅम्बटनने आपली पद्धत, साखळ्यांची तुलना आणि दुरुस्त्या प्रसिद्ध करून ठेवल्या म्हणून. याच काळात अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन हा कारागीर सर्व्हेची बिघडलेली यंत्रे दुरुस्त करून विश्वासार्ह बनवत होता. पुढे सर्व्हेचा अधिकृत यंत्रकार म्हणून तो नेमला गेला. अचूकतेच्या इतिहासात साहेबांची नावे ठळक असतात. ती अचूकता टिकवणारे हात बहुधा येथलेच असतात.

१५/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न मैदानातून कारखान्यात आला. स्वीडनमधील एस्किलस्टुना येथील बंदुकीच्या कारखान्यातला कारागीर कार्ल एडवर्ड योहान्सन याने १८९६ मध्ये पोलादी ठोकळ्यांचा एक संच कल्पिला. १०२ ठोकळे एकमेकांस चिकटवून सुमारे वीस हजार मापे जुळवता येत. पत्नीचे शिवणयंत्र बदलून त्यावर तो घरी ठोकळे घासत असे. आज प्रत्येक टूलरूममध्ये ‘स्लिप गेज’ म्हणून ओळखले जातात ते हेच. लॅम्बटनच्या जपून ठेवलेल्या साखळीचा हा वंशज. पुढे १९३१ मध्ये लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान म्हणून २० अंश सेल्सिअस आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले.

१६/ तरीही हाताने चालणाऱ्या लेथवर ऑफसेटचे कोष्टक लागत नसे. कारागीर थोडे कापी, मायक्रोमीटर लावी, पुन्हा थोडे कापी. टूल आखूड आहे की झिजलेले, याची भरपाई त्याचा हात आणि डोळा करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे बदलले. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार आकड्यांनी कोरण्याच्या मागे होता. त्यातून हवाई दलाच्या पैशावर एमआयटीत संशोधन झाले आणि १९५२ मध्ये आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे मिलिंग यंत्र जगासमोर आले. हात बाजूला झाला, आणि त्याच्याबरोबर त्याची मूक भरपाईही.

१७/ पहिल्या यंत्रांची अडचण येथेच सुरू झाली. छिद्रे पाडलेल्या फितीवर प्रोग्राम असे, आणि त्यात टूलची लांबी गृहीत धरलेली असे. म्हणजे फितीला साजेल असे टूल होल्डरमध्ये नेमक्या लांबीवर बसवावे लागे. कटरला पुन्हा धार लावली की तो आखूड होई आणि सगळी जुळवणी नव्याने करावी लागे. १९५८ मध्ये कर्नी अँड ट्रेकर कंपनीचे मिलवॉकी-मॅटिक आले. ते स्वतःच टूल बदलू लागले. एकाच जॉबवर वेगवेगळ्या लांबीची अनेक टूले! प्रत्येकाला नेमक्या लांबीवर बसवत राहणे जिकिरीचे होऊ लागले.

१८/ मग विचाराची दिशा उलटली. टूल प्रोग्रामला जुळवण्याऐवजी टूल असेल तसे घ्यायचे, त्याची खरी लांबी मोजायची आणि फरक यंत्राला सांगायचा. आधी नियंत्रकावरील चकत्या फिरवून हे आकडे देत. १९७० च्या दशकात संगणक यंत्रातच बसला आणि आकडे स्मृतीतील कोष्टकात गेले. आज बहुतेक यंत्रांवर ‘जी ४३’ ही आज्ञा आणि सोबत ‘एच’ क्रमांक दिला, की यंत्र त्या ओळीतील लांबी हिशेबात धरते. ‘जी ४९’ ती रद्द करते. परिपूर्ण हत्याराचा हट्ट सुटला. त्याची जागा हत्याराच्या खऱ्या नोंदीने घेतली.

१९/ ही नोंद ठेवण्याच्या तीन रीती रूढ आहेत. पहिली : प्रत्येक टूल जॉबच्या माथ्याला टेकवून तेथील आकडा घ्यायचा. सोपी, पण जॉब बदलला की सारे पुन्हा. दुसरी : यंत्राबाहेर प्रीसेटरवर स्पिंडलच्या तोंडापासून टोकापर्यंतची खरी लांबी मोजायची; जॉब बदलला तरी ती बदलत नाही. तिसरी : एक मास्टर टूल ठरवायचे आणि बाकीच्यांचा त्याच्याशी असलेला फरकच भरायचा. तिसरी रीत म्हणजे थेट लॅम्बटनच्या दोन साखळ्या. मास्टर टूलने कधी कापायचे नसते. ते झिजले, की सगळेच आकडे एकदम खोटे होतात.

२०/ चुकीची किंमत किती? समजा पहिले टूल १५२.३४० मिलिमीटर आणि दुसरे ९८.६१५ मिलिमीटर लांब आहे. प्रोग्रामात पहिल्या टूलसाठी चुकून दुसऱ्याचा ‘एच’ क्रमांक पडला. यंत्र समजते की टूल आखूड आहे, आणि स्पिंडल तेवढा खाली आणते. टूलचे टोक अपेक्षेपेक्षा ५३.७२५ मिलिमीटर खाली जाते, तेही भरधाव. टूल तुटते, जॉब जातो, स्पिंडलचे बेअरिंग दुखावते. तंजावरचा दोर एकदा तुटला. येथे तो एका चुकीच्या अंकाने तुटतो.

२१/ मोठ्या चुकीचा आवाज तरी होतो. लहान चुका गुपचूप येतात. टच घेताना टूलखाली कागद धरला आणि त्याची सुमारे ०.१ मिलिमीटर जाडी वजा करायची राहिली, तर प्रत्येक खोली तेवढी कमी भरते. यंत्र दहा अंशांनी तापले, तर १५० मिलिमीटर पोलाद सुमारे १७ मायक्रॉनने वाढते. म्हणून जाणता सेटर सकाळी यंत्र थोडे गरम होऊ देतो आणि मगच मापे घेतो. मद्रासच्या उन्हातील तापमापक आणि ही सकाळची दहा-पंधरा मिनिटे, यांमागचे पदार्थविज्ञान एकच आहे.

२२/ आणि झीज. लेथवर ३०.०० मिलिमीटरचा शाफ्ट ३०.०२ भरला, तर इन्सर्ट झिजला असे समजून झिजेच्या रकान्यात वजा ०.०२ टाकतात. मूळ लांबीचा रकाना वेगळा आणि झिजेचा वेगळा, ही रचना अर्थपूर्ण आहे : हत्यार जन्मतः कसे होते आणि कामाने ते किती बदलले, हे दोन्ही कळले पाहिजे. नवा इन्सर्ट बसवला की झिजेचा रकाना शून्यावर आणायचा. तो विसरला, तर नवे हत्यार जुन्याची शिक्षा भोगते. ०.०२ ऐवजी घाईत ०.२ टाकले, तर शाफ्ट २९.८२ होतो; तो भंगारात जातो, कारण कापलेले लोखंड परत चिकटत नाही.

२३/ भारतात ही विद्या टप्प्याटप्प्याने रुजली. १९५३ मध्ये एचएमटी, १९६२ मध्ये बंगळूरची केंद्रीय मशीन टूल संस्था, त्याच वर्षी महाराष्ट्रात एमआयडीसी, आणि नंतर औरंगाबादचे इंडो-जर्मन टूल रूम. आज गावोगावचे तरुण हे आकडे रोज भरतात. पुष्कळदा पाळी बदलताना ‘दोन नंबरला थोडे घेतले आहे’ एवढ्या तोंडी निरोपावर कोष्टक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. अपघात तेथेच दबा धरून असतो. किती घेतले, केव्हा, कोणत्या टूलला आणि का, हे सेटिंग शीटवर लिहिलेले असेल, तरच पुढच्या पाळीचा माणूस सुरक्षित असतो.

२४/ हिंगणघाटच्या थडग्यापासून चाकणच्या शेडपर्यंतचा हा धागा एकच गोष्ट सांगतो. कोणतीही साखळी नेमकी शंभर फुटांची नसते आणि कोणतेही टूल कागदावरच्या लांबीचे नसते. अचूकता ही निर्दोष हत्यारातून येत नाही. हत्यारातील दोष मोजून, तो योग्य रकान्यात, योग्य चिन्हासह, पुढच्या माणसाला वाचता येईल असा लिहून ठेवण्यातून येते. लॅम्बटनची मापे पुन्हा घ्यावी लागली, पण त्याच्या नोंदी वाया गेल्या नाहीत. आष्टीहून निघालेला एखादा तरुण आज पाळी संपताना ऑफसेटचे पान शीटवर उतरवतो, तेव्हा तो त्याच जुन्या मोजणीची पुढची ओळ लिहीत असतो.